कणीक कुणी मळली?

यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या महिला मंडळाच्या तिळगुळाला मी चिकूची दोन गॅलेटं करून नेली. प्रत्येकाच्या आठ फोडी, म्हणजे सोळा. त्यांतल्या चौदा डब्यात भरून मी घरी परत आणल्या. एक मी खाल्ली होती आणि एक कुणाच्या तरी नातवानं, आजी नको म्हणायच्या आत, तोंडात टाकली होती.

गेल्या वर्षी याच कार्यक्रमात याच सोळा फोडी दहा मिनिटांत संपल्या होत्या. तिघींनी कृती लिहून घेतली होती. एकीनं तर डब्याच्या तळाला चिकटलेला गुळाचा पाक चमच्यानं खरवडून खाल्ला होता.

दोन वर्षांत काही बदललं नाही. कणीक तीच, तूप तेच, चिकू त्याच बागेतले, ओव्हन तोच. करणारे हातही तेच. फक्त यंदा मी एक वाक्य जास्त बोलले. ते वाक्य सांगतेच, पण आधी पदार्थ समजून घ्या. कारण आपला धर्म त्या पदार्थात कुठे मोडला, हा माझा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर शोधायचं तर परातीपासूनच सुरुवात करायला हवी.

गॅलेट हा फ्रेंच शब्द. पाण्यानं घासून गुळगुळीत झालेल्या चपट्या गोट्याला तिकडे जे नाव आहे, त्यावरून आलेला. माझी लेक बंगळुरूला नोकरी करते, तिनं एका सुट्टीत करून दाखवलं आणि मला हसूच आलं. अहो, ही तर आपली करंजी, तोंड मिटायचं राहून गेलेली! मोहन घालून कणीक भिजवायची, पोळी लाटायची, मधोमध फळाच्या चकत्या मांडायच्या, कडा दोन-तीन बोटं आत दुमडून मुरड घालायची आणि तळण्याऐवजी भाजायची. साचा लागत नाही. कड वाकडी झाली तर चालते, एखाद्या ठिकाणी रस फुटून बाहेर आला तरी चालतो. इंग्रजीत या रूपाला ‘रस्टिक’ म्हणतात. रस्टिक म्हणजे गावरान, ओबडधोबड. शहरातल्या बेकरीत हा शब्द कौतुकानं लिहितात आणि त्याचे जास्त पैसे घेतात.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिथं गॅलेट म्हटलं की कुट्टूच्या पिठाचं धिरडं. गहू नीट येत नाही अशा हलक्या जमिनीत कुट्टू तग धरतो, म्हणून ते तिथल्या गरिबाचं रोजचं अन्न होतं. आमच्या सिल्वासापासून खानवेल, मांदोणीच्या बाजूला डोंगरउतारावर नागली येते, तिचंही तेच. भात पिकत नाही तिथं नागली, आणि नागलीची भाकरी. तिकडची गरिबाची भाकरी आज हॉटेलच्या पाटीवर जाऊन बसली. इकडची अजून चुलीपाशीच आहे.

आता मी कोण, तेही सांगते. माहेर सांगलीकडचं, सासर इचलकरंजीचं. सुताच्या धंद्यातली नोकरी, म्हणून ह्यांच्याबरोबर सिल्वासाला आले आणि इथलीच झाले. मराठी माणसाला हे गाव आठवतं ते 2 ऑगस्ट 1954 मुळे, आणि त्या मुक्तिसंग्रामात उतरलेल्या सुधीर फडक्यांमुळे. आता गाव कारखान्यांचं आहे. शेजारपाजारी गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे, ओडिशाचे, आणि या सगळ्यांच्या आधीपासून इथं असलेले वारली, कोकणा, धोडिया. 2011 च्या जनगणनेत या प्रदेशातले निम्म्याहून जास्त लोक आदिवासी आहेत. मंडळात मी एकटीच मराठी बोलणारी दिगंबर. आल्या आल्या एका बेननं विचारलं होतं, ‘‘जैन आणि मराठी? असं कसं?’’ मी म्हटलं, बाहुबलीला या, कुंभोजला या, अख्खी गावं दाखवते.

तर आता परीक्षा घेऊ. गॅलेटच्या कुठल्याही इंग्रजी कृतीत चार गोष्टी असतात: मैदा, थंडगार लोणी, बर्फाचं पाणी आणि वरून चमक यायला अंडं. आपल्या स्वयंपाकघरात या चारही गोष्टींना अडचण आहे. अंड्याचं सांगायलाच नको. लोणी आपल्याकडे वर्ज्य. ताकातून निघालं की दोन घटकांच्या आत कढवून तूप करायचं. बर्फही अभक्ष्यात मोजलेला. मैदा कधीचा दळलेला, कुणास ठाऊक. आणि आमच्याकडे पिठाला मर्यादा आहे, पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात.

म्हणून मी अशी करते. गहू निवडून घरच्या चक्कीवर दळायचे, पीठ वस्त्रगाळ करायचं. एका गॅलेटला 200 ग्रॅम कणीक, 100 ग्रॅम तूप, चिमूटभर मीठ. तूप पातळ नको, जानेवारीतल्या सकाळी रवाळ थिजलेलं असतं तसं हवं. ते बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचं, तळहात लावायचा नाही, नाहीतर उबेनं विरघळतं. मूठ आवळली की मुटका वळला पाहिजे आणि टिचकी मारली की फुटला पाहिजे. मग उकळून माठात गार केलेलं पाणी, चार-पाच चमचे, जेमतेम गोळा जमेल इतकंच. मळायची म्हणजे पोळीसारखी तिंबायची नाही. जास्त मळली की चिवट झालीच म्हणून समजा.

लोण्यात साधारण 16 टक्के पाणी असतं. ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. तुपात पाणी नाही, म्हणून पापुद्रे कमी आणि खुसखुशीतपणा जास्त, नानखटाईच्या जवळचा. पापुद्रे हवेच असतील तर चिरोट्याला लावतो तसा तूप-तांदळाच्या पिठाचा साटा लावून घडी घाला. लेकीला वाटलं होतं, लोण्यावाचून होणार नाही. मी म्हटलं, बाई गं, तूप आणि मोहन यांतलं आम्हाला तू शिकवू नकोस.

फळ चिकूचं, घोलवडचं. गाडीनं तासा-दीड तासावर आहे, आणि 2016 पासून डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पाच चिकू, पिकलेले पण दाबले तर न दबणारे. सोलून, कापून, एकेक फोड उजेडात शोधून घ्यायची. पोळीच्या मधोमध आधी तिळाचं कूट आणि चमचाभर बारीक रवा पसरायचा, म्हणजे फळाचा रस त्यात जिरतो आणि तळ ओला राहत नाही. त्यावर चकत्या, दोन-तीन चमचे किसलेला गूळ, लिंबाचा रस, चिमूटभर सुंठ. नुसता चिकू भाजला तर मिचमिचीत गोड लागतो, लिंबानं त्याला तोंड येतं. कड दुमडून मुरड घालायची, अंड्याऐवजी उकळलेल्या दुधाचा हात फिरवायचा. 190 अंशांवर चाळीस मिनिटं, तळ तांबूस होईपर्यंत. पाणी घातल्यापासून गॅलेट ओव्हनमध्ये जाईपर्यंत दोन घटका उलटू द्यायच्या नाहीत. खमीर नाही, बेकिंग पावडर नाही, रंग नाही. सकाळी उजाडल्यावर केलेलं, दिवस मावळायच्या आत संपणारं.

‘‘पण ओव्हन, बेकरी हे सगळं फिरंग्यांचं,’’ असं सासूबाई म्हणायच्या. पाव पोर्तुगीजांनी आणला हे खरं, शब्दही त्यांचाच. पण चिकूसुद्धा मूळचा मेक्सिकोकडचा. मिरची, काजू, पेरू, सीताफळ ही सगळी समुद्रापलीकडून आलेली. आपल्या उपासाच्या ताटातून परदेशी पदार्थ काढायचे ठरवले तर ताट बऱ्यापैकी रिकामं होईल. कुठून आलं हा अहिंसेचा प्रश्न नाही. त्यात जीव किती दुखावले, हा आहे. सासूबाईंना हे पटलं होतं. शेवटच्या वर्षी त्या ओव्हनच्या काचेसमोर स्टूल टाकून बसायच्या.

एवढ्या कसोट्यांवर माझं गॅलेट उतरलं. आता ते वाक्य.

तिळगुळाच्या दिवशी एका भाभींनी फोड हातात घेतली आणि म्हणाल्या, ‘‘मुरड किती सुरेख! एकसारखी. आ कोणे बनाव्युं? तूच ना?’’

मी म्हटलं, ‘‘मुरड माझी नाही. आमच्या मावशींची आहे. कणीकही त्यांनीच मळलीय.’’

‘‘मावशी म्हणजे सख्ख्या?’’

‘‘नाही हो. घरी कामाला येतात त्या. वारली आहेत, खानवेलकडच्या.’’

फोड बशीत परत गेली. कुणी अपमान केला नाही, कुणी आवाज चढवला नाही. एकीला आठवलं, आज आपलं एकासणं आहे. दुसरीची दाढ दुखायला लागली. तिसरी म्हणाली, मला गोड बंद केलंय डॉक्टरांनी, आणि लाडवाकडे वळली. बायकांना नाही म्हणायच्या किती वाटा असतात, हे त्या पाच मिनिटांत मी मोजलं.

नंतर मंडळातल्या एक जुन्या, मायाळू बेन मला खिडकीपाशी घेऊन गेल्या. ‘‘अगं, वेडी का तू? सांगायचं कशाला? मी केलंय म्हणायचं. कोण पाहायला आलं होतं?’’

त्या चांगल्या मनानंच बोलल्या. पण तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी खोटं बोलले असते तर सोळाच्या सोळा फोडी शुद्ध ठरल्या असत्या. खरं बोलले म्हणून चौदा बाटल्या. पाच व्रतांतलं दुसरं मोडलं तरच पहिलं टिकतं, असा हा हिशेब. ज्या अहिंसेला टिकायला खोट्याचा आधार लागतो, ती अहिंसा नव्हे, दुसरंच काहीतरी आहे. त्याचं खरं नाव घ्यायला आपण लाजतो. मी घेते: विटाळ.

बायांनो, राग आला तर येऊ द्या, पण त्याच टेबलावर दुसरं काय होतं ते आठवा. ‘जैन’ असं हिरव्या अक्षरात छापलेली कुकीजची पाकिटं होती. चिवड्याची होती. त्यावर ‘तीन महिन्यांच्या आत वापरावे’ असं लिहिलं होतं. आमच्या शास्त्रातली पिठाची मर्यादा हिवाळ्यातसुद्धा सात दिवसांची, आणि तुमच्याकडे तळलेल्या पक्वान्नाची असली तरी ती काही तीन महिन्यांची नाही. पाकिटावरच्या ‘जैन’ शब्दाचा अर्थ फार तर एवढाच, की आत कांदा, लसूण, बटाटा नाही. तूप कुणाचं, पीठ कधीचं, पाणी गाळलेलं की नाही, रात्री भाजलं की दिवसा, यातलं एकही त्या अक्षरांत नाही. आणि ती कणीक कुणी मळली, पाकिटं कुणी भरली? कुठल्या तरी कारखान्यातल्या बाईनंच ना? तिची जात कुणी विचारली नाही. तिचं तोंड दिसलं नाही, म्हणून ती चालली. माझ्या मावशीचं नाव आलं आणि ती चालेना.

म्हणजे चिकटला काय, तर एका बाईचा उल्लेख.

आपल्या घराच्या भिंतींकडेही पाहा. सिल्वासातल्या निम्म्या दिवाणखान्यांत वारली चित्र आहे. गेरूच्या रंगावर पांढरी माणसं, तारपा वाजवणारा, भोवती फेर धरलेला. गावात, घरच्या भिंतीवर, लग्नाचा चौक लिहितात तो पांढरा रंग कशाचा? तांदळाच्या पिठाचा. वारली बाईनं भिजवलेल्या तांदळाच्या पिठाचा. तिच्या हातचं पीठ भिंतीवर लागलं तर कला, पाहुण्यांना आधी तेच दाखवायचं. तिच्याच हातचं पीठ बशीत आलं की दाढ दुखते.

आणि आपले कारखाने? माझ्या घरातला पगार सुतातून येतो, तुमच्यातल्या कित्येकींचा नफा तिथूनच येतो. त्या सुताला, त्या प्लॅस्टिकला, त्या खोक्यांना आदिवासी पोरींचे हात लागतात, बिहारच्या पोरांचे लागतात. महिनाअखेरीला पैसा घरात येतो तेव्हा तो आपण धुऊन घेतो का? कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात किती जीव जातात, हा प्रश्न मंडळात मी कधी ऐकला नाही. तो खरा अहिंसेचा प्रश्न आहे. तो अवघड आहे, घरच्या माणसांना विचारावा लागेल. त्यापेक्षा कामवालीच्या हाताकडे बोट दाखवणं सोपं.

यावर मला जे सांगितलं गेलं तेही प्रामाणिकपणे मांडते. पहिलं: त्या लोकांच्या घरी मासे-मटण खातात. खातात. माझी मावशीही खाते, पावसाळ्यात ओढ्यातली खेकडी पकडते. पण ते तिच्या घरी. माझ्याकडे ती अंघोळ करून येते, हातपाय धुऊन ओट्यापाशी उभी राहते, गाळलेलंच पाणी वापरते आणि चिकूतली अळी माझ्याआधी तिला दिसते. आपण प्रश्न हाताच्या स्वच्छतेचा करतोय की पोटाच्या इतिहासाचा? पोटाचा करायचा तर विमानातला चहा, हॉस्पिटलातली पेज, लग्नातला केटरर, सगळं बंद करा. मी ऐकेन.

दुसरं: आपल्यात शोधाचा चौका असतो, त्यागींच्या आहाराचे नियम असतात. असतात, आणि मी ते मानते. महाराजांचा आहार असेल त्या दिवशी चौका ज्या रीतीनं लावायचा त्या रीतीनं मी लावते. पण महिला मंडळाचा तिळगूळ म्हणजे मुनींचा आहार नव्हे. तिथं तीन महिन्यांची पाकिटं चालत होती.

तिसरं: शास्त्रात आहे. हे ऐकलं की मी पुस्तक काढते. आचार्य समंतभद्रांचा रत्नकरंडक श्रावकाचार माझ्या आईनं मला लग्नात दिला. नवनीत, म्हणजे लोणी, सोडावं हे त्याच ग्रंथात आहे. माझ्या गॅलेटमध्ये तूप आलं ते त्या आज्ञेमुळे. पण त्याच ग्रंथात आठ मद सांगितलेत, आणि त्या आठांत कुळाचा मद आहे, जातीचा मद आहे. तिथंच असंही सांगितलंय, की सम्यग्दर्शन असलेला माणूस मातंगाच्या घरी जन्मला तरी तो देवासारखा मानावा, राखेखाली झाकलेल्या निखाऱ्यासारखा. आणि अहिंसाणुव्रत कुणी पाळलं याचं उदाहरण द्यायची वेळ आली, तेव्हा आचार्यांनी नाव घेतलं ते मातंगाचं. शेटजीचं नाही, राजाचं नाही. तुमच्या श्वेतांबर आगमातही आहेच. उत्तराध्ययन सूत्रातला बारावा अध्याय हरिकेशी मुनींचा. चांडाळ कुळात जन्मलेला मुनी यज्ञाच्या मांडवात भिक्षेला येतो, तिथले लोक त्याला अन्न नाकारतात, हाकलतात. सूत्र कुणाच्या बाजूनं उभं राहतं, ते वाचा. त्या दिवशी आपण मांडवातल्या कुठल्या बाजूला बसलो होतो, तेही मग आपोआप कळेल.

ग्रंथातलं लोणी आपण नेमकं पाळलं. मद मात्र ओलांडून पुढच्या पानावर गेलो.

आम्हा मराठी जैनांना तर हे सांगायला पुस्तकही नको. कर्मवीर भाऊराव पाटील आमच्यातलेच, कुंभोजचे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले, परत आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला नाही म्हणाले आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्याचं वसतिगृह. तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीला बसायची. लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. सोवळ्या जैन घरात वाढलेली बाई. तिनं पिठाच्या डब्याकडे पाहून ठरवलं असेल, की अहिंसा म्हणजे ही पोरं उपाशी न राहणं. आमच्याकडे कर्मवीरांचा फोटो लावतात, जयंतीला हार घालतात. आणि आमच्यातही चतुर्थ, पंचम, सैतवाळ, कासार आहेतच. सोयरीक जमवताना आजही हळूच विचारतात. मी गुजराती बायकांवर एकट्यांवर खापर फोडत नाही.

आणि स्वतःलाही सोडत नाही. मावशी आमच्याकडे येऊ लागल्या तेव्हा त्यांचा चहाचा कप वेगळा होता. खिडकीच्या कट्ट्यावर, पालथा. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं, मी इचलकरंजीहून येताना ती रीत बरोबर आणली होती. सहा वर्षं तो कप तिथं होता. लेकीनं गॅलेट शिकवलं त्या सुट्टीत तिनंच एक दिवस विचारलं, ‘‘आई, हा कप कुणाचा?’’ मी म्हटलं, मावशींचा. ‘‘मग कट्ट्यावर का? सांडशीच्या बाजूला जागा आहे की.’’ मला उत्तर देता आलं नाही. मावशी तिथंच भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, त्यावरून मला कळलं, की त्यांना सहा वर्षं माहीत होतं.

त्याच सुट्टीत माझं गॅलेट तीनदा फाटलं. तुपाची कणीक ठिसूळ, मुरड घालताना कडेला चिरा पडतात, रस गळतो, खाली जळतो. मावशी म्हणाल्या, मी बघू का? त्यांनी बोट पाण्यात बुडवलं आणि चीर अशी बंद केली, की कुठे होती ते कळेना. नागलीच्या पिठाला चिकटपणा नसतो. हातावर भाकरी थापताना कडेला चिरा पडतातच, आणि ओल्या बोटानं त्या मिटवत जाणं त्यांना लहानपणापासून येतं. आमची पुरणपोळी लाटणारी बोटं तिथं हरली होती. गेल्या वर्षी ज्या मुरडीचं तुम्ही कौतुक केलंत, ती नागलीच्या भाकरीची कड होती. कृती लिहून नेलीत, पण ज्या हातानं ती जमते तो हात लिहायचा राहिला. तो राहिला माझ्यामुळे, कारण गेल्या वर्षी मी गप्प होते. कौतुक माझ्या नावावर जमा होत होतं आणि मी ते होऊ दिलं. यंदा बोलले ते शौर्य म्हणून नव्हे, जुनी बाकी म्हणून.

त्या चौदा फोडींचं काय झालं? अन्न टाकणं हाही हिंसेचाच प्रकार. डबा घेऊन घरी आले तेव्हा मावशी निघायच्या बेतात होत्या. डब्याचं वजन त्यांच्या लक्षात आलं. ‘‘गोड कमी झालं का, बाई?’’ एवढंच त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, चूक आपल्या हाताची. मी काय सांगणार? म्हटलं, मंडळी कमी आली होती. म्हणजे शेवटी खोटं बोललेच मी, फक्त दुसऱ्या माणसाशी. सहा फोडी त्यांनी नातवंडांना नेल्या, बाकीच्या आम्ही उजेड होता तोवर संपवल्या.

हा लेख छापून येईल तेव्हा मंडळातल्या बायका तो वाचतील, हे मला माहीत आहे. माझं मागणं मोठं नाही. पुढच्या संक्रांतीला मी पुन्हा गॅलेट आणणार आहे. डब्याच्या झाकणावर चिठ्ठी लावीन: पीठ चार दिवसांपूर्वीचं, तूप घरचं, पाणी गाळून उकळलेलं, फळ शोधलेलं, अंडं-लोणी-बर्फ नाही, कणीक आणि मुरड मावशींची. त्यांनी हो म्हटलं तर त्यांना बरोबरच आणीन, त्यांचं नाव त्याच तुम्हाला सांगतील. ज्यांचं एकासणं असेल त्यांनी जरूर पाळावं, माझा नमस्कार. पण दाढ दुखणार असेल तर माझ्याकडे पाहून सांगू नका. त्या समोर असतील, त्यांना सांगा.